प्रेक्षकांचा गोंगाट आणि खेळाडूचं लक्ष

चढाई_प्रभादेवी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळात संध्याकाळी मुलांचा कबड्डीचा सराव घेणाऱ्यांपैकी मी एक. कुमार गटातल्या एका चढाईपटूबद्दल विचारायचं आहे, पण विषय सगळ्याच खेळांचा आहे म्हणून इथे लिहितोय.

सरावात हा मुलगा बघत राहावं असं खेळतो. आत शिरतो, बोनसला पाय घालतो, कोपरारक्षक झेपावला की त्याच्या मनगटाला हात लावून परत मध्यरेषेवर. दम एका पट्टीत, पाय हलके. तोच मुलगा प्रकाशझोतातल्या सामन्याला परक्या विभागात उतरला की ओळखू येत नाही. मॅटच्या कडेला अगदी चिकटून तिथली पोरं बसलेली, मागे ढोल, वर माइकवाल्याची अखंड बडबड. याचा दम भरभर पळायला लागतो, मान सारखी घोळक्याकडे वळते, आणि तिसऱ्या चढाईला, जिथे गुण आणलाच पाहिजे, तिथे तो बोनस रेषेपर्यंतही जात नाही.

आमच्यात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, सरावालाच मोठा स्पीकर लावा, कान मरतील. बाकीचे म्हणतात, वयाचा प्रश्न आहे, आपोआप सुटेल. मला दोन्ही पटत नाही. ढोल पहिल्या मिनिटापासून वाजत असतो आणि तेव्हा तो नीट खेळतो. कोणी त्याचं नाव घेऊन ओरडायला लागलं की मग बिघडतो. म्हणजे आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्या आवाजात तो काय ऐकतो, हे महत्त्वाचं असावं. खेळलेल्या, पंचगिरी केलेल्या, अभ्यास केलेल्या सगळ्यांनी लिहा.

नॉर्थ_स्टँड

चांगला विषय. गोंगाट किती होऊ शकतो त्याचा दाखला आपल्या वानखेडेवरच आहे. २ एप्रिल २०११, विश्वचषकाची अंतिम लढत. नाणेफेक दोनदा करावी लागली, कारण संगकाराने काय मागितलं ते शेजारीच उभ्या असलेल्या सामनाधिकारी जेफ क्रो यांना ऐकू आलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. लक्ष्य २७५. सेहवाग डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर पायचीत. सातव्या षटकात सचिन १८ वर यष्टीमागे झेल देऊन गेला. २ बाद ३१. अख्खं स्टेडियम चिडीचूप झालं. त्या शांततेत विराट आत आला आणि गंभीरबरोबर ८३ धावा जोडून गेला. गोंगाट पेलणारे पुष्कळ असतात, घरच्या मैदानावर अशी शांतता पेलणं जास्त कठीण, असं माझं ठाम मत आहे.

२०२३ च्या अंतिम सामन्याआधी कमिन्सने उघडपणे सांगितलं होतं की एवढ्या मोठ्या गर्दीला गप्प करण्यासारखं समाधान नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादला विराटचा त्रिफळा उडाला तेव्हा त्याने ते करूनही दाखवलं. तो गोंगाटाला घाबरला नाही, त्याने त्याचंच लक्ष्य केलं.

क्रॉस_मैदान_पंच

मी क्लब क्रिकेटमध्ये बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो आहे. प्रेक्षक नसलेल्या सामन्यातही गोंगाट असतो, हे मुंबईच्या पंचाइतकं कोणाला कळणार नाही. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटशेजारी उभा असतो. तुमचा गोलंदाज धावत येतोय आणि पलीकडून जिवाच्या आकांताने ‘हाऊज दॅट’ येतं. नवखा फलंदाज त्या क्षणी डोळे हलवतो. पाहिलंय मी, मान वळत नाही, फक्त बुबुळं सरकतात, आणि तेवढ्यात चेंडू पॅडवर. लहानपणापासून तिथेच खेळलेला पोरगा ढिम्म असतो. त्याला ते अपील ऐकू येतं, पण ते आपलं नाही हे त्याच्या कानाला आधीच ठाऊक असतं. कांगा लीगमध्ये तर वर पाऊस, खाली चिखल आणि उंच वाढलेलं गवत. तिथे टिकलेल्याला पुढे गर्दीचं काय वाटणार?

धागाकर्त्याला सांगायचं ते असं. कान मारू नका. कानाला निवडायला शिकवा.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. गोंगाटात सगळ्यात आधी बळी जातो तो संवादाचा. क्रिकेटमध्ये ‘येस’, ‘नो’, ‘वेट’ ऐकू आलं नाही की धावबाद. भरल्या मैदानावर चांगल्या जोड्या तोंडावर अवलंबून राहत नाहीत, हात दाखवतात, डोळ्यांत बघतात. पंचांचंही तेच. बारीक कट लागली की आपण डोळ्यांइतकंच कानांनी ठरवत असतो. गर्दीने तो आवाज गिळला तर चेंडूची बदललेली दिशा आणि फलंदाजाची देहबोली एवढंच हातात उरतं. मोठ्या सामन्यांत आता यष्टीजवळचा माइक आणि तिसरा पंच आहे. मैदानावरच्या आमच्यासारख्यांना ती सोय नाही.

खो_खो_माजी

पंचकाकांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. खो-खोमध्ये बसलेल्या मुलीला मागचं काही दिसत नाही. पाठीवर हात आणि ‘खो’चा उच्चार, या दोनच गोष्टींवर ती उठते. शाळेच्या पटांगणात ‘खो’ स्वच्छ ऐकू येतो. बंदिस्त सभागृहात घोषणा सुरू झाल्या की नुसता हात कळतो, आणि कधी कधी तर शेजारच्या चौकटीतल्या मुलीला मिळालेला खो आपल्यालाच मिळाल्यासारखा वाटतो. खो मिळण्याआधी उठलं की फाउल. मग पुढच्या वेळी ती खात्री करायला अर्धा क्षण थांबते, आणि बचाव करणारी तेवढ्यात खांबापाशी निसटते.

बाहेरून बघणारा म्हणतो, ‘पोरगी दडपणाखाली आली.’ ती दडपणाखाली नव्हती. तिच्यापर्यंत माहिती पोचली नव्हती. तुमच्या मुलाच्या बाबतीतही आधी हे तपासा की बाकावरून त्याला चढाईचे उरलेले जे सेकंद ओरडून सांगता ते त्याला ऐकू येतात का. येत नसतील तर तो आंधळा खेळतोय.

जुना_गडी_लालबाग

वाचतोय सगळं, पण इतका कीस काढायचं कारण कळत नाही. आम्ही गिरणगावात मातीवर खेळलो. समोरच्या विभागाची माणसं शिव्या द्यायची, तरी जिगर असलेला खेळायचा आणि नसलेला घरी बसायचा. खेळाडू पोटातून यावा लागतो.

चढाई_प्रभादेवी

@जुना_गडी_लालबाग, दादा, तुमच्या पिढीचा आदर आहेच, आम्ही तुमच्याच मातीत वाढलो. पण जो मुलगा परक्या मॅटवर तगड्या बचावपटूंच्या साखळीत शिरतो आणि खांदा दुखावला तरी पुढच्या चढाईला उभा राहतो, त्याला जिगर नाही असं मी म्हणणार नाही. जिगर आहे, लक्ष जागेवर राहत नाही. लक्ष शिकवता येतं असं मला वाटतं, म्हणूनच हा धागा काढला. ‘जमत नाही तर घरी बस’ म्हणून आपल्या विभागातली किती चांगली मुलं खेळ सोडून गेली, ते तुम्हीही पाहिलंय.

@खो_खो_माजी, सेकंदांचं नक्की तपासतो. हे डोक्यात आलंच नव्हतं.

मनोवेध

मी क्रीडामानसशास्त्र शिकते आणि शीवच्या एका क्लबमध्ये खेळाडूंबरोबर काम करते. धागाकर्त्यांचं निरीक्षण अचूक आहे, त्याला संशोधनाचा आधारही आहे.

सतत चालणारा मोठा आवाज मेंदू थोड्या वेळात बाजूला टाकतो, पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखा. लक्ष खेचतो तो अचानक आलेला, वेगळा किंवा अर्थ असलेला आवाज. आणि स्वतःच्या नावाइतका अर्थ असलेला आवाज दुसरा नसतो. म्हणून ढोल चालतो आणि नाव चालत नाही.

पण खरं नुकसान त्याच्या पुढच्या पायरीवर होतं. २००२ साली शियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या गोल्फपटूंना पटिंग करायला लावलं. एकदा त्यांना कानावर पडणारे सूर ऐकून त्यातला ठरावीक सूर ओळखायचं काम दिलं, एकदा स्वतःच्या स्विंगवर लक्ष ठेवायला सांगितलं. सुरांनी त्यांचं काही बिघडलं नाही. स्वतःच्या हालचालीवर पहारा ठेवला तेव्हा खेळ घसरला. फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्या मुरलेल्या खेळाडूंचंही तसंच झालं, आणि नवशिक्यांचं बरोबर उलट. मुरलेली हालचाल आपोआप होत असते, तिच्यात मुद्दाम लक्ष घातलं की ती अडखळते.

म्हणजे गर्दी जेव्हा मुलाचं नाव घेते तेव्हा ती त्याच्या कानाला त्रास देत नाही, ती त्याला स्वतःकडे बघायला लावते. ‘मी कसा दिसतोय, माझा पाय नीट पडतोय ना, हसतायत का मला.’ दम भरभर होतो तो इथे.

म्हणून त्याला ‘लक्ष दे’ असं ओरडून सांगू नका. कशावर द्यायचं ते आधीच ठरवून द्या, आणि ती गोष्ट त्याच्या शरीराबाहेरची असू द्या. समोरच्या कोपरारक्षकाचा पुढचा पाय, उदाहरणार्थ.

नॉर्थ_स्टँड

मग घरच्या गर्दीचा फायदा होतो ते काय? तो तर जगभर होतो.

मनोवेध

होतो, पण त्यातला काही भाग खेळाडूंमुळे नसून पंचांमुळे असतो. नेव्हिल, बामर आणि विल्यम्स यांनी २००२ साली ४० प्रशिक्षित फुटबॉल पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या. काहींना गर्दीच्या आवाजासकट, बाकीच्यांना मुक्या. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. कोविडकाळात रिकाम्या मैदानांवर फुटबॉल झाला तेव्हाही पाहुण्या संघांना दाखवल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांचं प्रमाण खाली आलं.

आणि कीटकांवरचा एक जुना प्रयोग धागाकर्त्यांच्या कामाचा आहे. झायॉन्क यांनी १९६९ मध्ये झुरळांना सरळ वाटेवर पळवलं, तर आजूबाजूला इतर झुरळं असताना ती जास्त जोरात पळाली. वाट वळणाची केली तर तीच झुरळं प्रेक्षकांसमोर जास्त रेंगाळली. पक्कं बसलेलं गर्दीत उजळतं, कच्चं असलेलं गर्दीत उघडं पडतं. त्याला नवीन काही शिकवत असाल, डुबकी किंवा पाठीमागची लाथ, तर परक्या विभागातल्या सामन्यात ते वापरायला इतक्यात सांगू नका.

क्रॉस_मैदान_पंच

पंचांबद्दलचं वाचून वाईट वाटलं, पण खरं आहे. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवायला हवं. अपील किती मोठं झालं यावरून बोट वर जाता कामा नये. मी सुरुवातीला मनात पाच आकडे मोजून मगच निर्णय द्यायची सवय लावून घेतली होती, तिचा मला फार उपयोग झाला.

दहा_मीटर

मी एअर पिस्तूल खेळतो. लोकांना वाटतं, नेमबाजी म्हणजे स्मशानशांतता. आता तसं नाही. आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीत संगीत चालू असतं, निवेदक बोलत असतो, प्रेक्षकांनी ओरडावं अशीच अपेक्षा असते. कानाला संरक्षण असतं, पण ते सगळं थोडीच अडवतं? एकेक गोळीच्या टप्प्यात ५० सेकंद मिळतात. तुम्ही श्वास सोडून ट्रिगरवर दाब आणताय आणि शेजारच्याने १०.८ मारला. स्टँडमधून आरोळी. हात तिळभर हलतो. अशा वेळी दोनच रस्ते असतात. गोळी सोडून टाकायची, किंवा पिस्तूल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या मते नेमबाजाची सगळी एकाग्रता त्या खाली घेण्यात आहे. सेकंद पळत असताना हात खाली घ्यायला फार धीर लागतो.

आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य आणलं. त्या फेरीत गुडघ्यावर, मग पालथं पडून, मग उभं राहून नेम धरायचा असतो. उभं राहून सगळ्यात कठीण, आणि नेमके तेव्हाच एकेक स्पर्धक बाद होत जातो, त्यामुळे आवाजही तेव्हाच वाढतो. त्याची ती फेरी मुलांना जरूर दाखवा. प्रत्येक गोळीआधीच्या त्याच्या हालचाली बघायला सांगा.

मैदानवेडी

सगळे आवाजाच्या पातळीबद्दल बोलतायत, मला त्यातल्या भावनेबद्दल बोलायचं आहे. हुर्यो हा वेगळा प्रकार आहे. २००६ साली इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत वानखेडेवर सचिन २१ चेंडूंत १ धाव करून परतला तेव्हा त्याच्याच शहरातल्या काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. १ एप्रिल २०२४ ला तिथेच आयपीएलमध्ये राजस्थानविरुद्ध मुंबईचा हार्दिक नाणेफेकीला आला तर आपल्याच संघाच्या कर्णधाराला इतका त्रास, की मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीनच महिन्यांनी, ४ जुलैला, विश्वचषक घेऊन तोच हार्दिक तिथे आला तेव्हा त्याच स्टेडियममध्ये त्याच्या नावाचा जयघोष झाला. मधल्या काळात त्या माणसावर काय गुजरलं असेल? परक्याने ओरडलं तर खेळाडू मनाची तयारी करून आलेला असतो. घरच्यांनी ओरडलं तर त्याला कुठे उभं राहायचं तेच कळत नाही.

आणि दुसरी बाजूही लिहिते. ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. आपली वांद्र्याची जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद १२७. शतक झालं तेव्हा सगळं स्टेडियम उभं होतं आणि हिने बॅटसुद्धा वर केली नाही, कारण काम बाकी होतं. ८२ वर झेल सुटला होता, थकवा दिसत होता. नंतर तिने सांगितलं की शेवटी शेवटी ती बायबलमधलं एक वचन मनात म्हणत होती आणि दीप्ती तिच्याशी सतत बोलत राहिली होती. या स्पर्धेत चिंतेने ती किती ग्रासली होती, तेही रडत रडत सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणून @जुना_गडी_लालबाग, ज्याला आतून भीती वाटते तोही खेळू शकतो. त्याच्याकडे धरायला काहीतरी हवं आणि बाजूला बोलणारं कोणीतरी हवं.

जुना_गडी_लालबाग

जेमिमाचा तो डाव मी पाहिला होता. हे मान्य. मुलाला घेऊन या एकदा आमच्याकडे, आमची पोरं त्याच्याशी खेळतील आणि वयस्कर मंडळी भोवती बसून हवं तेवढं ओरडतील.

नॉर्थ_स्टँड

@मैदानवेडी, तो एप्रिलचा प्रकार मलाही आवडला नव्हता. पण तिकीट काढून आलेल्या माणसाने नाराजी दाखवूच नये, हे पटत नाही. खराब खेळावर ओरडणं आणि नाणेफेकीलाच, खेळ सुरू व्हायच्या आधी ओरडणं, यात फरक करू.

याच वानखेडेवरचं एक उदाहरण देतो. १५ नोव्हेंबर २०२३, न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना. विल्यमसन आणि मिचेल खेळत होते, स्टेडियम गप्प होत चाललेलं. त्यात शमीच्या हातून विल्यमसनचा सोपा झेल सुटला. लोकांनी डोक्याला हात लावले. थोड्या वेळाने ‘शमी, शमी’ सुरू झालं. ३३ व्या षटकात त्यानेच विल्यमसनला घालवला, त्याच षटकात लेथमला शून्यावर. दिवसाअखेर ५७ धावांत ७ बळी. चुकलेल्या खेळाडूच्या पाठीशी गर्दी लगेच उभी राहिली तर काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

चढाई_प्रभादेवी

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय काय करून पाहिलं ते लिहितो.

स्पीकर लावून पाहिला. दोन चढायांत त्याला सवय झाली आणि उपयोग शून्य, @मनोवेध यांनी लिहिलं तसंच. मग @जुना_गडी_लालबाग यांच्याकडे गेलो. तिथल्या मंडळींनी मॅटच्या डाव्या बाजूला बसून त्याच्या नावाने आणि आडनावाने असा काही धोशा लावला की आमचे बचावपटूही गांगरले. पहिल्या दिवशी तो पार कोसळला. आम्ही त्याला एकच काम दिलं होतं, डाव्या कोपऱ्याचा पुढचा पाय बघायचा आणि चढाई संपल्यावर तो पाय कोणता होता ते मला सांगायचं. गुण मिळाला की नाही, विचारायचंच नाही. सुरुवातीला सांगता येत नव्हतं. आता बहुतेक वेळा बरोबर सांगतो, आणि ज्या चढाईत पाय बरोबर सांगतो त्या चढाईत मान घोळक्याकडे वळलेली नसते.

सेकंदांचं @खो_खो_माजी यांचं म्हणणं खरं निघालं. त्याला बाकावरचं काहीच ऐकू येत नव्हतं. आता एक मुलगा ठरलेल्या जागी उभा राहून शेवटच्या दहा सेकंदांना हात वर करतो.

एक अडचण उरली आहे. गोंगाट वाढला की त्याचा दम अजूनही आत जातो, ओठ हलतात आणि आवाज फुटत नाही. जाणकार पंच असतील तर सांगा.

मध्यरेषा

कबड्डीचा पंच आहे, म्हणून उत्तर देतो. दम स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि समोरच्या अंगणात पाय पडायच्या आधी सुरू झाला पाहिजे. उशीर झाला तर चढाई तिथेच संपते आणि गुण समोरच्याला. गोंगाटात आम्ही चढाईपटूच्या सोबत रेषेवरून सरकत राहतो, तोंडाजवळ राहायचा प्रयत्न करतो, पण पुटपुटलेला दम पकडणं आम्हालाही जमत नाही. त्यामुळे आधी नियमासाठी तरी त्याचा आवाज मोकळा करा.

त्याला असं शिकवा. आपल्या अंगणात, मध्यरेषेच्या दोन पावलं मागे उभा असतानाच पूर्ण श्वास घेऊन पहिला ‘कबड्डी’ पोटातून, मोठ्याने. तिथून तीच पट्टी, तोच वेग. वर जेमिमाच्या वचनाबद्दल वाचलं. आपल्या खेळात तसा शब्द नियमानेच तोंडात दिलेला आहे आणि बहुतेक चढाईपटू तो पंचांची कटकट म्हणून उरकतात. स्वतःचा दम स्वतःला ऐकू येईल इतका मोठा असला की बाकीच्या आवाजाला कानात जागा कमी उरते, श्वास ताब्यात राहतो, आणि वेग वाढला तर त्याचा त्यालाच पहिल्यांदा कळतो. नुसत्या दमाचा सराव घ्या, चढाई न करता, त्या लालबागच्या मंडळींना भोवती बसवून. पुढचा सामना कुठे आहे?

चढाई_प्रभादेवी

पुढच्या शनिवारी, भांडुपला. रात्रीचा सामना, यजमान संघाशीच. दमाचा सराव उद्यापासूनच घेतो, @जुना_गडी_लालबाग, मंडळींना सांगून ठेवा.